लिटलबिगप्लॅनेटमधलं गुऱ्हाळ: प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर २००८, गिल्डफर्ड (इंग्लंड)

ही वही आजपासून सुरू करतोय. प्रकल्प असा: लिटलबिगप्लॅनेट हा प्लेस्टेशन ३ वरचा खेळ पुढच्या महिन्यात येतोय, त्यात आमच्या गावाकडचं गुऱ्हाळ उभं करायचं. ऊस चरकात जाण्यापासून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बाहेर पडेपर्यंत सगळं, आणि ते खेळता आलं पाहिजे. खेळ अजून हातात नाही. तरी वही आधी, कारण आत्ता जे मनात आहे ते नंतर आठवणार नाही. आशा आहे आणि धास्तीही आहे.

धास्तीचं कारण स्पोर. सिमसिटी आणि द सिम्स ज्याने केले त्या विल राइटचा नवा खेळ म्हणून २००५ पासून वाट बघत होतो. जूनमध्ये त्यातला प्राणी बनवायचा भाग वेगळा मिळाला, तेव्हा दोन रात्री झोप नाही. जगभरच्या लोकांनी थोड्याच दिवसांत दहा लाखांवर प्राणी बनवले. मग या महिन्यात पूर्ण खेळ आला. माझ्या प्राण्याला सहा पाय होते, मागचे दोन लांब, झेप घेईल असे. खेळात त्या मेहनतीचं काहीच झालं नाही. प्राण्याची ताकद ठरते ती कुठला भाग लावला यावर. तो कुठे लावला, कसा लावला, हे फक्त दिसण्यापुरतं. पाच टप्प्यांपैकी शेवटच्या टप्प्यात अवकाशात गेलो तेव्हा तर तो प्राणी डोळ्यांआडच झाला. बनवताना एवढं जीव ओतलेलं, आणि त्याचं खेळात चीज नाही.

म्हणून लिटलबिगप्लॅनेटबद्दल माझा प्रश्न एकच आहे. लोकांना काय काय बनवता येईल, हा नाही. ते व्हिडिओत दिसतंच आहे. मी बनवलेल्या वस्तूला त्या जगात वजन असेल का, हा.

९ ऑक्टोबर, दसरा

सकाळी घरी फोन केला. आबा म्हणाले, दिवाळी झाली की चुलवाण पेटवायचं. मी म्हटलं, "आबा, मी पण गुऱ्हाळ बांधतोय. टीव्हीवरच्या खेळात."

"खेळात? मग गूळ कुणी खायाचा?"

मी म्हटलं, गूळ तुमचाच. मला फक्त काय कुठे असतं ते नीट सांगा. आणि ते सांगत राहिले, चाळीस मिनिटं. कॉलिंग कार्ड संपलं. चरक, रसाचा हौद, रस उकळायची काहील, तिच्याखालचं चुलवाण, धुराडं, पाक ओतायचा वाफा, आणि सगळ्यांत लांब पिळलेल्या उसाचं चिपाड वाळवायची जागा. लहानपणी दर हंगामात तिथे जाऊन काकवी पिलेला मी, पण चुलवाणाचं तोंड चरकाकडे नसतं, हे मला माहीत नव्हतं. चिपाड वाळून तिकडून येतं, म्हणून तोंड तिकडे.

आलेखाच्या कागदावर पहिला नकाशा काढला. डावीकडून उजवीकडे: उसाची गाडी, चरक, चुलवाण, काहील, वाफा, रव्यांची थप्पी. खेळ बाजूने दिसतो, पुढे-मागे तीन थर असतात, त्यामुळे चिपाड मागच्या थरातून आणता येईल असं वाटतंय.

१२ ऑक्टोबर

बीटाची, म्हणजे खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणी आवृत्तीची, किल्ली मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांचे व्हिडिओ बघून दिवस काढतोय. एका खेळाडूने बीटातच बेरीज-वजाबाकी करणारं गणकयंत्र बांधलंय. सहाशेच्या वर चुंबकी स्विच, चारशेच्या वर पिस्टन, आणि ते खरोखर हिशोब करतं. खेळात गणकयंत्र असं काही साधन नाही. आहे ते लाकूड, पत्रा, तार, पिस्टन. त्यातून माणसाने गणित उभं केलं.

हा व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला. स्पोरमध्ये हे कधीच शक्य नव्हतं, आणि का नव्हतं ते आता नीट मांडता येतंय. इथे पिस्टन ढकलतो म्हणजे खरंच ढकलतो. समोरच्या वस्तूचं वजन जास्त असेल तर ढकलू शकत नाही. वस्तूचे गुण दिसण्यावर चिकटवलेले नाहीत, ते तिच्या आत आहेत.

हा खेळ करणारी मीडिया मॉलिक्यूल ही तीसेक माणसांची कंपनी याच गावात आहे. गिल्डफर्ड हे खेळ बनवणाऱ्यांचं जुनं गाव. बुलफ्रॉग इथलं, लायनहेड इथलं, आणि मीडिया मॉलिक्यूल सुरू करणारे लायनहेडमधूनच बाहेर पडलेले. हाय स्ट्रीटच्या चढावर संध्याकाळी चालताना वाटतं, समोरून येणाऱ्या कुणीतरी आज खेळातल्या त्या कापडी बाहुल्याची उडी दुरुस्त केली असेल.

१८ ऑक्टोबर

खेळ लांबला. पार्श्वसंगीतातल्या एका गाण्यात कुराणातले शब्द आहेत असं लक्षात आलं, आणि दुकानांकडे निघालेल्या तबकड्या जगभरातून परत मागवल्या. गाणं मालीच्या तुमानी जाबाते यांचं. आता शब्दांशिवायची आवृत्ती टाकणार. आठवड्या-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. पण ज्या तयारीने बसलो होतो ती मोडल्यासारखी झाली. शनिवार मोकळा ठेवला होता, तो झोपून काढला.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काल अमेरिकेत खेळ आला. इथे अजून आठवडा आहे. परीक्षणं वाचली, बहुतेक सगळी भरभरून. पण मला त्यात हवं ते कुणी लिहिलेलं नाही, आणि लिहिणार तरी कसं? परीक्षण करणाऱ्याला खेळ मिळतो तेव्हा लोकांनी बनवलेल्या लेव्हल अजून जन्मालाच आलेल्या नसतात. कंपनीने केलेला भाग ते तपासू शकतात. उरलेला खेळ आम्ही भरायचा आहे. नव्या घराला रंग छान दिलाय एवढं सांगता येतं, शेजार कसा लागेल ते राहायला गेल्यावरच कळतं.

पणत्या नव्हत्या, चहाच्या बश्यांत मेणबत्त्या लावल्या. रात्री बातमी आली की लंडनमध्ये बर्फ पडतोय. ऑक्टोबरात, दिवाळीच्या रात्री.

५ नोव्हेंबर

आणला.

इथे आज गाय फॉक्सची रात्र. बाहेर सगळीकडे फटाके उडतायत, त्यामुळे दिवाळी आठ दिवस उशिरा आल्यासारखं वाटलं. पडदे ओढले आणि बसलो.

आधी चांगलं. पहिल्या दहा मिनिटांत मी फक्त पकडून बघत होतो. सॅकबॉयने, म्हणजे खेळातल्या त्या कापडी बाहुल्याने, स्पंजचा गोळा धरला आणि ओढला, तर गोळा अडखळत, घरंगळत, थोडा मागे रेटत आला. लाकडाची फळी टोकाला उभं राहिलं की कलते, मध्ये उभं राहिलं की कलत नाही. निवेदन ब्रिटिश अभिनेता स्टीव्हन फ्रायच्या आवाजात आहे, आणि तो आवाज घाई करत नाही. चित्रण असं की कापडाची वीण दिसते, पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेला नागमोडी थर दिसतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या रात्रीच मिळालं. वजन आहे.

आता वाईट. उडी सैल आहे. बटण दाबल्यावर सॅकबॉय उचलला जातो तो थोडा तरंगत, आणि उतरताना नेमका कुठे टेकेल याची खात्री देता येत नाही. मारिओवर वाढलेल्या बोटांना हे खुपतं. शिवाय तीन थरांमध्ये कुठल्या थरात जायचं हे बरेचदा खेळच ठरवतो, आणि कधी कधी चुकीचं ठरवतो. ही तक्रार मी बांधायला बसण्याआधीच लिहून ठेवतोय, कारण लेव्हल बांधणाऱ्याला ती गृहीत धरावी लागणार. अरुंद फळ्या नकोत. जिथे नेमकी उडी लागते अशी जागाच ठेवायची नाही.

बांधायला आज घेता आलं नाही. आधी गोष्टीतल्या पहिल्या काही लेव्हल पार कराव्या लागतात, मग "माझा चंद्र" उघडतो, आणि तिथे प्रत्येक हत्यारासाठी आधी धडा.

९ नोव्हेंबर

धडे झाले. मधल्या वेळात गोष्ट बरीच पुढे नेली आणि "द टेम्पल्स" या भारतावर बेतलेल्या भागापर्यंत पोचलो. हत्ती, नर्तकी, आग, कोरीव खांब. काम सुंदर आहे, मन लावून केलेलं आहे. पण त्यात मला माझ्या ओळखीचं काही सापडलं नाही. गिल्डफर्डमध्ये बसून कुणी भारत काढला तर त्याला हत्ती आणि देऊळच आठवणार, त्यात त्याचा दोष नाही. पण गुऱ्हाळ कोण काढणार? एकाच तबकडीत तो भागही आहे आणि तो काढायची हत्यारं माझ्या हातातही आहेत, हे मला या खेळाचं सगळ्यांत मोठं वाटतं.

१२ नोव्हेंबर

चरक. तीन संध्याकाळी गेल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रयत्न: धातूची दोन चाकं एकावर एक, दोन्हींना मोटरचा बोल्ट. ऊस म्हणजे लाकडाच्या हिरव्या-जांभळ्या कांड्या, गाडीत लपवलेल्या एमिटरमधून (ठरावीक वेळाने वस्तू सोडणारं साधन) एकेक पडतात आणि उतारावरून घसरत येतात. ऊस चरकाला लागला आणि सरळ वर उडाला. कारण दोन्ही चाकं मी एकाच दिशेने फिरवली होती. वरचं घड्याळाच्या उलट आणि खालचं घड्याळाप्रमाणे हवं, तरच दोघं मिळून आत ओढतात.

दिशा बदलली. आता ऊस तोंडाशी येऊन नुसता थरथरत राहिला, कारण धातू गुळगुळीत, घसरतो. चाकांना रबर लावलं. मग पकड आली, पण ऊस अर्ध्यात अडकला आणि आख्खा चरक थडथडायला लागला. या खेळात लाकूड चेंगरत नाही. ऊस पिळला जाऊन सपाट होणं इथे नाही. जाडी आहे तेवढीच राहणार.

तेव्हा आबांचं एक वाक्य आठवलं. जुन्या घाण्यात ऊस जाड आला की बैल थांबायचे, मग पाचर सैल करायची. मी वरच्या चाकाला पक्क्या खांबावरून काढून दोन स्प्रिंगांवर टांगलं. आता ऊस आला की वरचा रोल अर्धा बोट उचलला जातो, ऊस पलीकडे गेला की खाली बसतो. कण्हल्यासारखा आवाजही आपोआप आला. मी तो टाकलेला नाही, रबर लाकडावर घासतं त्याचा आहे.

राहिला प्रश्न, आत गेलेला ऊस बाहेर चिपाड होऊन कसा यावा. उसाला चुंबकी किल्ली लावली आणि चरकाच्या पलीकडे तिचा स्विच. ऊस जवळ आला की दुसरा एमिटर फिकट पुठ्ठ्याचा चुरगळा टाकतो. उसाचं आयुष्य मोजून असं ठेवलं की तो रोलमधून निघता निघता नाहीसा होतो. एका क्षणाचा तो फटफट धूर दिसतो, तेवढा चालतो. खेळाडूने वरच्या रोलवरून पळत पलीकडे जायचं. रोल उलटा फिरतो म्हणून पळावं लागतं, आणि ऊस आला की पायाखालची जमीन उचलली जाते. हे मी ठरवलं नव्हतं, पण खेळायला इतकं छान लागतं की आता लेव्हलचा पहिला अर्धा भाग त्याच्यावरच.

१६ नोव्हेंबर

रस. इथे मला वाटलं होतं तसं झालं नाही.

या खेळात पाणी नाही. कुठलाच द्रव नाही. काहील भरायची तर घन वस्तूंनीच. छोट्या पिवळ्या गोळ्या एमिटरमधून सोडल्या. साठ-सत्तर गोळ्या जमल्यावर खरंच रसासारखं हेलकावतं, आणि डावीकडचा थर्मामीटर सर्रकन वर चढतो. थर्मामीटर भरला की लेव्हलमध्ये पुढे काही टाकता येत नाही. अजून चुलवाण बाकी, वाफा बाकी, आणि निम्मा पारा नुसत्या रसात गेला.

गोळ्या मोठ्या करून पाहिल्या: बटाटे उकळतायत असं दिसतं. पुसलं.

शेवटी उकळी दाखवायची असं ठरवलं, रस नाही. काहिलीएवढी स्पंजची एक लादी, वरची कड लाटांसारखी कापलेली, खाली डोलणारा बोल्ट. लादीला पाच भोकं, प्रत्येकातून पिस्टनवर एक बुडबुडा वर येतो आणि बसतो, प्रत्येकाचा वेग वेगळा. खेळाडू बुडबुड्यावरून बुडबुड्यावर जातो. कड चुकून काहिलीच्या तळाशी गेला तर चुलवाणाची आग: एकदा भाजलं की उडतो, लगेच दुसऱ्यांदा भाजलं की संपला. थर्मामीटर पाव भागाच्या आत. कडेला आठच गोळ्या ठेवल्या, शिंतोडे म्हणून.

२३ नोव्हेंबर

आज बांधलं नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या लेव्हल खेळलो. सगळा बोलबाला ज्याचा झाला होता तो हा भाग, म्हणून मन लावून खेळलो.

पहिल्या पानांवर जे वर येतं त्यात फार तोचतोचपणा आहे. बॉम्बखाली तग धरायची लेव्हल, तिच्याच सहा आवृत्त्या. फुकट ट्रॉफी देतो म्हणणाऱ्या. ओळखीच्या खेळांच्या नकला. त्यातल्या कितीतरी स्वामित्वहक्कामुळे काढूनही टाकल्या जातायत आणि बनवणारे हळहळतायत. "मला हृदय दे, मी तुला देतो" असं नावातच लिहिलेल्या (हृदय म्हणजे इथे आवडल्याची खूण). ज्यांना वेळ देऊन खेळलो त्या चाळीसेक लेव्हलमधल्या निम्म्या पहिल्या मिनिटात सोडल्या.

आणि मग पान अकरा-बाराच्या पुढे कुठेतरी एक लेव्हल: एक म्हातारा दीपगृह चालवतो, वादळात दिवा विझलाय, तेल वर न्यायचं. एवढंच. शेवटी दिवा लागतो आणि आख्ख्या लेव्हलवरून प्रकाशाचा पट्टा फिरतो. तारे किती होते? तीन. खेळलेले लोक किती? शंभराच्या आत.

म्हणजे खेळ निराश करतो तो बनवण्याच्या बाबतीत नाही, शोधण्याच्या बाबतीत. मोठ्या जत्रेत चांगला कारागीर कोपऱ्यात बसलेला असतो आणि तिथे न्यायला कुणी नसतं, तसं झालंय. यावर उपाय त्यांना करावा लागेल. यादी लोकप्रियतेवर लावली की जे आधी वर गेलं तेच वर राहतं. मी माझ्यापुरतं ठरवलंय: रोज एक अनोळखी लेव्हल शेवटपर्यंत खेळायची, आवडली तर हृदय द्यायचं.

२८ नोव्हेंबर

परवापासून मुंबईवरच्या हल्ल्याच्या बातम्यांसमोर आहोत. मुंबईची आत्या सुखरूप आहे, तिच्या शेजारच्या घरातले एक जण सीएसटीवर होते, ते वाचले. काम बंद.

७ डिसेंबर

पंधरवड्याने पुन्हा हात लावला. टीव्हीचे फोटो काढून कोल्हापूरला चुलतभावाला मेल केले होते. त्याने ते स्टुडिओत मोठे छापून घेऊन गावी नेले. आज आबांचा फोन, त्यांनी स्वतः लावायला सांगितला.

"चरक झाक हाय. धुराडं जरा उंच पायजे. पर माणसं कुठं हायत रं?"

मला आधी कळलं नाही.

"ऊस घालणारा न्हाई, जाळ घालणारा न्हाई, गुळव्या न्हाई. आपलं आपणच चालतंय व्हय गुऱ्हाळ?"

फोन ठेवल्यावर लेव्हल उघडली आणि तिच्याकडे बघत बसलो. बरोबर होतं. यंत्राच्या नादात मी यंत्रच बांधलं होतं. चार दिवस मागे गेलो तरी चालेल, माणसं हवीतच. पुठ्ठ्याची माणसं कापायला घेतली. चरकावर ऊस घालणारी बाई, डोक्यावर पदर. चुलवाणाशी जाळ घालणारा, त्याचा हात पिस्टनवर पुढे-मागे होतो. आणि काहिलीशी गुळव्या. त्याचं काम नुसतं उभं राहायचं नाही, गूळ कधी झाला हे तोच ठरवतो: उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, गोळी कशी होते ते बोटांनी बघायचं. म्हणून आता काहील ओलांडून खेळाडूने एक पिवळी स्पंजची गोळी धरून ओढत नेऊन गुळव्यासमोरच्या घमेल्यात टाकायची. टाकली की विंच सुरू होते, काहील कलते, वाफ्याकडचा रस्ता उघडतो.

भेंडीचा रस घालून मळी वर आणायचा टप्पा गाळावा लागला. तो खेळण्यात कसा आणावा हे सुचलं नाही.

१४ डिसेंबर

अक्षरं. माणसांना बोलवायला जादूचं तोंड मिळतं, पण त्यात मजकूर टाइप करायचा तो रोमन लिपीत. देवनागरी नाही. "उस टाक" रोमनमध्ये लिहून पाहिलं, जिवावर आलं. पुसलं.

मग लाकडातून अक्षरं कोरली. "गुऱ्हाळ" ही पाटी प्रवेशावर. शिरोरेघ म्हणजे एक लांब फळी आणि अक्षरं तिला खाली टांगलेली. आपली लिपी टांगायलाच केलेली आहे असं वाटलं. ग आणि त्याचा काना सोपे. ह ला दोन तास लागले, त्याचं पोट आतून कोरताना कड तुटून वेगळीच पडायची. ऱ्ह मधला तो अर्धचंद्रासारखा रफार स्वतंत्र तुकडा म्हणून चिकटवला. उकार ग ला बोल्टने जोडला, पक्का नाही, सैल. खेळाडू पाटीवर उडी मारून चढला की उकार हलतो.

सूचनांसाठी अक्षरं वापरली नाहीत, बाणांचे स्टिकर लावले. वाचता न येणाऱ्यालाही पुढे जाता आलं पाहिजे.

२० डिसेंबर

प्रकाशित केली. सव्वा अकरा वाजता.

२३ डिसेंबर

तीन दिवसांत खेळलेले १९. हृदयं २. सर्वांत जास्त लागलेला शिक्का: फ्रस्ट्रेटिंग.

वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो. मग एका अनोळखी खेळाडूबरोबर ऑनलाइन जोडला गेलो आणि त्याला माझीच लेव्हल खेळताना बघितलं. तो चरकावर पाच वेळा मेला. मला तिथे कधीच अडचण आली नव्हती, कारण दीड महिना मी तो रोज ओलांडत होतो. ऊस कधी येणार ते बोटांना पाठ होतं. त्याला ऊस दिसतच नव्हता. गाडी पडद्याच्या बाहेर होती.

रात्रीच कॅमेरा मागे घेतला. चरकाच्या टप्प्यात आता गाडी, उतार आणि रोल एकाच वेळी दिसतात. चरकाआधी दुप्पट आयुष्याचा चेकपॉइंट, मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा. दोन उसांमधलं अंतर दीडपट.

१० जानेवारी २००९

खेळलेले १४३, हृदयं २१. शिक्का बदलला. आकडा छोटा आहे, पहिल्या पानापर्यंत ही लेव्हल कधी जाणार नाही. एका माणसाने माझ्या नावाला हृदय दिलंय आणि त्याच्या पानावर गेलो तर त्याची एक लेव्हल आहे, लाकडी पवनचक्कीत दळण. तिथेही जातं स्प्रिंगवर टांगलेलं! त्याने माझं बघून केलं नाही, तारीख आधीची आहे. दूरवरच्या दोघांनी एकाच अडचणीला एकच उत्तर काढलं.

सप्टेंबरातल्या प्रश्नाकडे परत. खेळ समाधान देतो का? गोष्टीचा भाग आठवड्यात संपतो, गोड आहे, उडी सैल आहे. फक्त खेळणाऱ्याला मी सांगेन की मित्रांबरोबर खेळा, एकट्याने पैसे फिटतीलच असं नाही. दुसऱ्यांच्या लेव्हल शोधायला धीर लागतो आणि तो धीर सगळ्यांनी का धरावा? पण ज्याच्या मनात एखादी जागा आहे, यंत्र आहे, अंगण आहे, त्याने घ्यावा. दोन महिन्यांत मला माझ्या आबांच्या गुऱ्हाळाबद्दल जेवढं कळलं तेवढं तिथे वीस हंगाम जाऊन कळलं नव्हतं. कारण इथे चुकीचं बांधलं की ते चालत नाही.

२ फेब्रुवारी

रात्रभर बर्फ. गाड्या बंद, बस बंद, विद्यापीठाला सुट्टी. घरातले सगळे घरात अडकले. वरच्या खोलीतला नायजेरियन मित्र, शेजारची ग्रीक मुलगी, तिच्याकडे आलेला तिचा भाऊ, आणि मी. चार कंट्रोलर जमले (एक उसना) आणि चौघं गुऱ्हाळात शिरलो.

चार जणांसाठी मी काही बांधलं नव्हतं. चरकाच्या रोलवर चौघं एकदम पळायला लागले की वजनाने स्प्रिंग दबते आणि ऊस आत जातच नाही. बैल थांबल्यासारखा चरक थांबतो. मग एकाने उतरायचं. हे त्यांनी स्वतः शोधलं, आणि कुणी उतरायचं यावर भांडले. काहिलीवर ग्रीक भावाने बहिणीला आगीत ढकललं. गोळी ओढून नेताना तिघं एकाच वेळी धरून ओढत होते, तिन्ही दिशांना.

गुळव्यासमोर मित्राने विचारलं, हा माणूस कशाची वाट बघतोय? मी सांगत होतो, पण सांगून पुरेना. उठलो, डब्यातला गूळ काढला. नाताळात गावाहून आलेल्या एकाबरोबर आबांनी पाठवलेला, या हंगामाचा. बत्त्याने फोडून चौघांना दिला. ग्रीक मुलगी म्हणाली, तुझ्या लेव्हलमधला रंग चुकलाय, हा जास्त काळपट आहे.

बरोबर आहे. रव्यांच्या थप्पीचा रंग उद्या बदलायचा. काहिलीच्या उजव्या कडेशी पायरीचा कोपरा अजून पाय अडकवतो, तो जाळीच्या दोन घरांनी कापायचा. मळी काढायच्या टप्प्यासाठी मित्राने एक कल्पना सांगितली: वर तरंगणारे काळे तुकडे, चौघांनी मिळून कडेला ओढायचे, जितके राहतील तितकी काहील उशिरा कलेल. थर्मामीटरमध्ये जागा आहे का ते बघायचं.